चौदा माणसांची वाडी

टँकरच्या खेपांचा तक्ता मी केला. कुणी माझ्यावर लादला नव्हता, मीच मागून घेतला होता. तो दुष्काळ सरून आता सहा वर्षं झाली, तरी हे आधी सांगून टाकलेलं बरं.

मी तेव्हा सांगलीत सरकारी नोकरीत होतो, आकडेवारीच्या टेबलावर. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याला तीन आठवड्यांचं प्रशिक्षण झालं होतं. माल कुठून कुठे न्यावा म्हणजे एकूण अंतर सगळ्यात कमी पडेल, हे काढायची गणिती रीत तिथे शिकलो. डाव्या बाजूला माल असलेली ठिकाणं, वर माल हवा असलेली, मधल्या चौकटींत अंतरं. सगळ्यात कमी अंतराची चौकट आधी भरायची. मग एकेक रिकामी चौकट तपासून खेपा सरकवत राहायचं. अंतर आणखी कमी होईनासं झालं की तेच उत्तर. मला ती रीत फार आवडली. तिथे ओळखपाळख, आरडाओरडा, कुणाचा माणूस कोण, यातलं काही चालत नाही.

पूर्वेकडच्या कोरड्या भागात अकरा टँकर फिरत होते. कुठे जायचं ते ड्रायव्हर ठरवत, नाहीतर जो जास्त ओरडेल तो. मी सात विहिरी डावीकडे मांडल्या, एक्केचाळीस गावं वर. हँडल फिरवायच्या यंत्रावर नऊ दिवस आकडेमोड केली. रोजचे बाराशे दहा किलोमीटर होते, ते नऊशे पंच्याऐंशीवर आले आणि अकरा टँकरचं काम नऊ टँकरांत बसलं. साहेबांनी पाठ थोपटली. सुटलेले दोन टँकर त्याच आठवड्यात दुसऱ्या तालुक्याला देऊन टाकले.

पन्नासाच्या आतली वस्ती शेजारच्या गावाला जोडायची, असा नियम मीच घातला होता. त्यात मेंढपाळांची एक वाडी गेली. जनगणनेच्या यादीत तिची माणसं चौदा. शेजारचं गाव चार किलोमीटर.

त्या बाजूचा ड्रायव्हर तक्ता घ्यायला आला. उभ्या उभ्या त्याने वाचला आणि म्हणाला, "सायेब, वाडी ऱ्हायली की."

"राहिली नाही. गावाला जोडली. चौदा माणसं आहेत."

"चौदा?" तो हसला. "आवं, चौदा तर तितल्या एका म्हातारीची नातवंडंच हायत."

मी यादी त्याच्यासमोर धरली. त्याने ती पाहिलीसुद्धा नाही. "तुमी म्हणताय तर असतील," म्हणून तो गेला.

आठवड्याने वाडीतले एक वयस्कर गृहस्थ आले. खांद्यावर घोंगडं, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने पांढरे. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. टँकरचं पाणी गावातल्या विहिरीत सोडतात, तिथे वाडीच्या बायकांना शेवटी भरू देतात, तोवर तळ लागतो, असं त्यांनी सांगितलं. मी पुन्हा यादी काढली.

"ही मोजनी कवा झाली?" त्यांनी विचारलं.

"दुष्काळाच्या आधी, उन्हाळ्याच्या तोंडाला."

"तवा आमी घरी असतो व्हय? दिवाळी झाली की मेंढरं घिऊन आमी किस्नाकाठाला. मागं म्हातारी-कोतारी तेवढी." घोंगडं सावरून ते म्हणाले, "आवं सायेब, मोजायला घरात नव्हतो, म्हणून आमाला तान लागत न्हाई का?"

त्या साली मात्र ते गेले नव्हते. निम्मी मेंढरं मेली, निम्मी विकली, आणि सगळी वाडी घरी राहून दुष्काळी कामावर खडी फोडत होती.

मला हे ठाऊक नव्हतं, असं म्हणता येत नाही. माझी सासुरवाडी कृष्णाकाठची, रहिमतपूरजवळ आहे. दर हिवाळ्यात सासऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली मी पाहिली होती. त्या बिऱ्हाडांत बसून दूध प्यायलो होतो. ती माणसं तिथे आहेत म्हणजे दुसरीकडे कुठेतरी नाहीत, एवढी वजाबाकी मला सुचली नाही.

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "तलाठ्याकडून नवी गणती मागवा. तोंडी आकड्यावर खेप कशी देणार?" त्यांचंही चूक नव्हतं. तोंडी आकडे बंद करावेत, हे मीच लिहून दिलं होतं. गणती येईपर्यंत एखादी जास्तीची खेप काढावी म्हणून तक्ता उलटसुलट केला. पण एकही टँकर तासभर मोकळा राहणार नाही, असाच तो बसवलेला. आणि दोन टँकर तर गेलेच होते.

गणती यायला अकरा दिवस लागले. माणसं दोनशे बारा. एका मोठ्या गावाची तिसरी खेप कापून मी ती दिवसाआड वाडीला लावली आणि पहिल्या खेपेला स्वतः टँकरमध्ये बसून गेलो.

वाडीत दारांना बाभळीच्या काट्या लावलेल्या होत्या. चुली गार. एका सावलीला काही म्हातारी माणसं बसली होती. मी मोजली. नऊ.

"बाकीची?" ड्रायव्हरने विचारलं.

"गेली. परवा धरनं जात्यात," एक आजी म्हणाल्या. "पानी आनलं व्हय? लय लवकर आला गड्या."

आठ हजार लिटर पाणी नऊ माणसांना काय करायचं? त्यांनी हंडे, कळशा भरून घेतल्या. उरलेलं विहिरीत सोडलं. विहिरीचा तळ तडकलेला होता. पाण्याचा आवाज आला, आणि आम्ही वाकून बघेपर्यंत निम्मं जिरलं होतं.

परत येऊन मी खरा आकडा लिहिला. नऊ. नियमाप्रमाणे वाडी पुन्हा गावाला जोडली गेली. तक्ता पहिला होता तसाच झाला. पुढे त्याच्या नकला काढून इतर ठिकाणी नमुना म्हणून पाठवल्या.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. हिवाळ्यात सासुरवाडीला गेलो तेव्हा सासऱ्यांचं रान मोकळं होतं.

"औंदा मेंढरं आली न्हाईत, जावईबापू," ते म्हणाले. "इतकी वरसं येत हुती."

"कुठली होती ती माणसं?"

"पूर्वंकडची कुठली तरी. कोन इचारतंय?"

मीही कधी विचारलं नव्हतं. त्या रानात तळ कुठे पडायचा, ते तेवढं मला नेमकं आठवत होतं. तिथे जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.