आमर्सफोर्टच्या कोपऱ्यावरचं घर

भुताखेताचे अनुभव मी वाचतो ते हसायला. मी ढोरांचा डॉक्टर, आता रिटायर. आयुष्यभर मेलेली जनावरं फाडून पाहिली, एकातूनही आत्मा उडताना दिसला नाही. तरी हे लिहितोय... कारण घरात कोणी ऐकून घेत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी आणि बायको लेकीकडे, पल्लवीकडे, नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्टला गेलो होतो. माझी आई इकडे नेकनूरला धाकट्या भावाजवळ, दत्तूजवळ होती. शहर आपल्या बीडएवढंच असेल, पण हॉर्न म्हणून वाजत नाही. सुटाबुटातले साहेब सायकलवर, आणि दुपारचं जेवण म्हणजे ब्रेडला लोणी, वर चॉकलेटचे दाणे! घरांना भिंतीएवढ्या काचा, पडदे नाहीत. सगळा संसार रस्त्यावरून दिसतो, पण बघत उभं राहायचं नाही.

मला कुठलं कळायला? तिसऱ्या दिवशी धपाट्यांची ताटली घेऊन शेजारी गेलो आणि दार उघडल्याबरोबर आत जाऊन सोफ्यावर बसलो. ती दोघं नवरा-बायको कॉफी पीत होती. एकेक बिस्किट घेऊन डबा बंद केलेला, तो माझ्यासाठी काही उघडला नाही. घरी पल्लवीने बायकोसमोर झाडलं, "बाबा, हे नेकनूर नाही. इथं वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या दारात जात नाहीत. आम्हाला खाली पाहायला लावता!"

लई लागलं मला ते.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला फिरायला निघालो – म्हणजे आपल्याकडे दुपारचे चार. कोपऱ्यावरच्या घरात, काचेपलीकडे, एक म्हातारी जमिनीवर पडलेली दिसली. पाठमोरी, पांढरे केस. तळहाताने फरशी बडवत होती... आवाज येत नव्हता. मी बेलकडे हात नेला. तेवढ्यात लेकीचे शब्द आठवले आणि डोकं सणकलं. यांच्या रीती यांनाच लखलाभ, म्हटलं, पडू दे. आणि परत फिरलो. खोटं कशाला बोलू – बरं वाटलं. घरी कोणाला सांगितलंही नाही.

संध्याकाळी दत्तूचा फोन. "दादा, आई न्हाणीत पडली. मी बाजारला गेलतो. चारच्या सुमाराला पडली म्हनती, अंधार पडल्यावर आलो तवा दिसली. खुबा मोडलाय."

फोन ठेवला. पल्लवीला ओढतच त्या घरापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. आत टेबल नाही, खुर्ची नाही, नुसती फरशी. घर कित्येक महिने रिकामं आहे, असं समोरच्या बाई म्हणाल्या. "काचेत तुमचंच प्रतिबिंब दिसलं असेल, बाबा," पल्लवी म्हणाली. माझं प्रतिबिंब आडवं पडून फरशी बडवेल?

आठ दिवसांनी नेकनूरला पोचलो. यातलं अक्षरही इकडे कोणाला कळवलं नव्हतं. आईच्या खाटेपाशी बसलो. ती मान न वळवता म्हणाली, "काचंमागं उभा व्हतास की. बेल वाजवाया हात बी वर केलास. मंग माघारी कावून फिरलास रं?"

आमच्या न्हाणीला काच नाही. बेल तर अख्ख्या घराला नाही. याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही... लावायचा प्रयत्नही आता सोडलाय.

"आई, तू हाईस हे वळखलं न्हाई गं," एवढंच मी बोललो.

"म्हातारं मानूस पडलेलं तर दिसलं व्हतं ना?"

तेव्हापासून ती माझ्या हातचं पाणी घेत नाही. घरचे सगळे रानात गेले की दिवसभर तहानलेली पडून राहते, आणि मी तांब्या धरून तिथेच बसलेला असतो.