दार घरी, हिटर बोटीवर

जाळं साफ करायला बसलं की हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं. बोटीवरचे किस्से साठतात ते असे. गेल्या थंडीत आमच्या बोटीवर गॅसचा छोटा हिटर आला आणि त्या एका डब्याने आमची पूर्ण सीझनच्या किश्श्यांची सोय केली.

मी जासईचा, बेलापूरच्या एका बोटीवर इंजिन सांभाळतो. तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, पांडूकाका. बोटीचे मालकही तेच. खलाशी बाळ्या, दोन पोरांचा बाप, पण अक्कल अजून वाटेत आहे.

थंडीत काकांचा गुडघा सुजतो, दोघांनी धरून उतरवावं लागतं. काकी जेट्टीवर मासळी विकते, ती हे रोज बघायची. पापलेट कालचं की आजचं हे ती नुसत्या वासावर सांगते. पण बोटीवर तिने कधी पाय ठेवला नाही. आमच्याकडे बायका मासळी विकतात, समुद्रावर जात नाहीत.

"हिटर न्या," ती काकांना म्हणाली. "पन एक जरी लफडा झाला ना, तर बोट बंद. घरी बसायचा."

काकांना घरी बसणं म्हणजे जन्मठेप.

*

पहिल्याच दिवशी जाळं टाकून आम्ही केबिनमध्ये वाट बघत बसलो. बाळ्याने दार लावलं, खिडक्याही लावल्या. काय मस्त ऊब! थोड्या वेळाने डोकं जड झालं, मला वाटलं झोप येतेय.

काका एकदम म्हणाले, "बाल्या घोरत का नाय?"

बाळ्या बसल्या बसल्या घोरणारा माणूस. काकांनी बऱ्या पायाने लाथ घालून दार उघडलं, आम्ही बाळ्याला ओढत बाहेर आणला. तो ओकला, डोळे उघडले आणि विचारतो, "जेवन झाला काय?"

पुन्हा कोणी लावूच नये म्हणून त्या संध्याकाळी काकांनी केबिनचं दार बिजागरीसकट काढलं आणि घरी नेलं.

"दार घरी कशाला?" काकीने विचारलं.

"फुगलाय. रंधा मारायचा हाय."

दुसऱ्या दिवशी बाळ्या कुरकुरला, "दारच नाय, तर हिटरचा फायदा काय?"

"गुडघा तापला की बास. तुला तापवायला आनला नाय."

*

मग बाळ्याने सिलेंडर खाली, इंजिनाच्या शेजारी नेऊन ठेवला. का, तर तिथे ऊन लागत नाही. मी त्याला सांगितलं, बाबा रे, हा गॅस हवेपेक्षा जड, लीक झाला तर तळाला जाऊन बसतो. तिथे इंजिनाची एक ठिणगी पडली की आपण उडून डायरेक्ट उरणला.

"म्हंजे माझ्यासारकाच," काका म्हणाले. "एकदा बसला की उठत नाय."

सिलेंडर वर डेकवर आला, मोकळ्या हवेत.

*

एकदा न्हावा शेव्याकडे जाणारं कंटेनरचं जहाज जवळून गेलं. बोट अशी हलली की हिटर आडवा झाला. नशीब, आडवा पडला की आपोआप विझणारा होता. बाळ्याने मग तो जाळ्याच्या दोरीने फळीला बांधला. इतका पक्का बांधला की उन्हाळ्यात काढायचा म्हटला तर फळीच कापावी लागणार.

*

पेटवायच्या आधी तिघांनी वास घ्यायचा, हा काकांचा नियम. तिघं वाकायचो, हुंगायचो, "वास नाय" म्हणायचो, मग काडी.

एका सकाळी आम्ही जेट्टीलाच होतो. काका जेवणाचा डबा विसरले म्हणून काकी धावत आली. बाळ्याच्या हातात काडी.

"थांब रे! गॅस येतोय," काकी ओरडली.

आम्ही तिघं पुन्हा वाकलो. वास नाही. जन्मभर बोंबील आणि डिझेल हुंगलेली नाकं ती, त्यांना काय कळणार? काकीने जेट्टीवरूनच साबणाचं पाणी लावायला सांगितलं. पाइपच्या तोंडाशी बुडबुडेच बुडबुडे.

मी सिलेंडर बंद केला. काकांनी टोपी काढली आणि बोटीची चावी काकीसमोर धरली.

"बोलल्याप्रमानं," ते म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

काकीने चावी घेतली नाही. "दार घरी आला तवाच मना समाजला," ती म्हणाली. "नवा पाइप आना."

आणला, बसवला, साबण लावला. बुडबुडा नाही. काकीने हुंगून मान डोलावली.

बाळ्या गप्प बसेल तर शपथ. "काकी, आनि समुद्रात लीक झाला तर?"

काकीने जेट्टीवरच्या बायकांकडे एकदा बघितलं. आपली मासळीची टोपली शेजारणीवर सोपवली, ओचा खोचला, बोटीवर उतरली आणि काकांच्या सुजलेल्या गुडघ्याशेजारी येऊन बसली.

"सरका जरा," ती म्हणाली.