ग्रहणातले बोंबील

रव्यात घोळलेले ओले बोंबील तव्यावर पडले की मला नवापूरचं ते सूर्यग्रहण आठवतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं, आणि तिथे कामाला आलेला साताऱ्याकडचा एकटा माणूस आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होता. ग्रहण लागायच्या आधीच आईने चूल विझवली, पाण्याच्या हंड्यात तुळशीचं पान टाकलं आणि अंगणात हळदीच्या पाण्याची परात मांडली. आम्ही सगळे उपाशीपोटी परातीभोवती उकिडवे बसून पाण्यातला कुरतडलेला सूर्य बघत होतो. वाळत टाकलेल्या मासळीवरचं ऊन फिकट होत चाललं होतं, आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून तळणीचा वास आला. “गिरानात चूल पेटवली मेल्याने! मला पयल्यापासून त्याचा संशय हाय,” म्हणत आईने बाबांना त्याला दटावायला पाठवलं. एरवी हाका मारून न हलणारे बाबा पटकन उठले. वास काही थांबेना आणि बाबाही येईनात. सूर्य पुन्हा भरत आला तेव्हा कुठे ते येऊन परातीशी बसले. “चांगला खडसावला,” ते म्हणाले, “आता नाय करायचा तो.” आई परात सोडून त्यांच्या मिशीकडे बघत राहिली. मिशीत रवा अडकला होता. “गिरान सुटलं की तुमी दोनदा आंगोळ करा,” एवढंच ती म्हणाली. माझ्या नवऱ्याला मिशी नाही. तरी तो शेजारून आला की माझी नजर आधी त्याच्या ओठांवर जाते.