सावदेकरांची धुळे फेरी

बायकोलाही कधी सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं हलक्या मनानं लिहिता येईल. आमच्या शेजारच्या नानांचा कुत्रा मूळचा माझा. सहा वर्षांपूर्वी मी सावद्याला एका केळी व्यापाऱ्याकडे कारकून होतो, आठवडाभर तिथंच खोली करून राहायचो. हे पिल्लू माझ्या ताटातलं खाऊन वाढलं. जळगावात घराजवळ नोकरी लागली तेव्हा मी त्याला सावद्याच्या बसस्टँडवर सोडून आलो. बायकोला कुत्रं चालणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तिला विचारलं मात्र नव्हतं. आणि आठवड्याच्या आत नाना त्यालाच कडेवर घेऊन गल्लीत हजर!

नानांइतका नियमाचा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा नसेल. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ती बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. जिन्यात चार माणसं दिसली की "पुढे सरका, पुढे सरका" सुरू होतं. पंगतीत डोकी मोजल्याशिवाय ते वाढप्याला हलू देत नाहीत. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी दोन पाहुणे जास्त भरल्याचं जाहीर केलं, आणि ते दोघे खरोखरच वरच्या मजल्यावरच्या लग्नातले निघाले. नानांनी त्यांना जिलबी संपवू दिली आणि मग जिन्यापर्यंत पोचवून आले. अशा माणसाला कुत्रा सापडला म्हणजे तो कुत्रा नव्हे, गाडीत सापडलेली वस्तू! मालक आला, ओळख पटली, की परत द्यायची, तोवर सांभाळायची. त्यामुळे सहा वर्षं झाली तरी नाना स्वतःला त्याचे मालक म्हणवत नाहीत. गाव पाहून आडनाव तेवढं दिलं, सावदेकर. हाकही आदरानं. "सावदेकर, जेवण झालं का?" गॅसवाल्यानं एकदा नानांच्या बायकोला, अक्कांना, विचारलं होतं, "सावदेकरांचं सिलिंडर वेगळं आहे का?"

तो आला त्या दिवशी नानांच्या कडेवरून उडी मारून थेट माझ्या अंगावर आला आणि माझं तोंड चाटून काढलं. नाना खूश. ते मूळचे साक्रीकडचे, आनंद झाला किंवा जीव कळवळला की अहिराणीत शिरतात. "दखा भाऊ, पहिलाच दिन आनि कशी वळख दखाडस! कुत्राले चांगला मानूस बरोबर समजस." मी म्हणालो, "मी तर याला कधी पाहिलंही नाही." इतक्या सफाईनं खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

गेल्या दिवाळीनंतर सावदेकरच्या जबड्याखाली गाठी आल्या. कॅन्सर निघाला. इंजेक्शनं देणारे डॉक्टर धुळ्याला आहेत असं समजलं, आणि नानांनी विचारायच्या आत मी माझी गाडी पुढे केली. गल्लीत मला देवमाणूस म्हणू लागले. ते मी खाली मान घालून ऐकून घेतो. लोकांना तोही विनय वाटतो.

माझी गाडी जुनी आहे, पण नाना बसले की ती एसटी होते. दर शुक्रवारी सुटायची वेळ नऊ वाजून दहा मिनिटं. नऊ बाराला निघालो तर "कारण?" असा प्रश्न येतो. एरंडोल आणि पारोळा हे थांबे ठरलेले. तिथं कुणाला उतरायचं असो नसो, नाना काच खाली करून "पारोळाऽ" असं ओरडतात आणि सावदेकर खरंच उतरून कडुलिंबापाशी जाऊन येतो. मग नाना डॅशबोर्डवर दोनदा टकटक करतात. त्याशिवाय गाडी हलवायची नाही. अक्का मागून म्हणतात, "मना गुडघा दहा वरीसपाईन दुखस, पन मना करता कधी गाडी सुटनी नही." नाना मागे न पाहता म्हणतात, "प्रवाशांनी चालकाशी बोलू नये."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, भूक मरेल, खाईल ते थोडं थोडं द्या. सावदेकर घरी ताटलीला तोंड लावेना. अक्कांनी ते रडत रडत गल्लीत सांगितलं. झालं! सकाळी सावदेकर बाहेर पडायचा, एकेका दारापुढे मान पाडून उभा राहायचा. कुणाकडे अंडं, कुणाकडे खिचडी, कुणाकडे दूधभात. अक्कांना वाईट वाटेल म्हणून कुणी कुणाजवळ बोललं नाही. तिसऱ्या फेरीला धुळ्याच्या वजनकाट्यावर तो अडीच किलो जास्त भरला. डॉक्टर चक्रावले. "नाना, डोस वजनावर ठरतो. हा काही खात नाही म्हणालात ना?"

"घरी नहीच खास!" नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नानांनी गल्लीत विनातिकीट प्रवासी पकडावेत तशी तपासणी काढली. माझी बायको रंगेहाथ सापडली, हातात तुपात बुडवलेली बट्टी. "नाना, तुम्ही ओरडा हो, पण त्याच्या डोळ्यांकडे बघवत नाही," म्हणाली. मी दारामागे उभा होतो. हिला कुत्रं चालणार नाही, असं मी ठरवलं होतं. नानांनी मग घराघराला वार लावून दिले. आमचा बुधवार.

गेल्या शुक्रवारी मात्र सावदेकर टेबलावर उसळायला लागला. हे औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, म्हणून डॉक्टर सुई लावेनात. नानांनी विनवलं, अक्कांनी गोंजारलं. शेवटी मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणालो, "थांब." तो थांबला. संपूर्ण सलाईन होईपर्यंत हलला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला. सावद्याच्या स्टँडवर मी त्याला हेच म्हणालो होतो, आणि उसाच्या रसाच्या गाड्यामागून निघून गेलो होतो.

परतताना पारोळ्याला चहा घेताना नाना म्हणाले, "दोन दिवस एकाच जागेवर बसलेला होता हो हा, मी पाहायचो जाता-येता. आता याले बरं नही, हे त्या मानूसले समजाले पाहिजे. त्यानाबी जीव लागेल व्हई. एकदाव भेट व्हवाले पाहिजे." शिवी नाही, राग नाही. सावद्याला गेले की ते अजून स्टँडवर चौकशी करतात. मी चहा संपवला आणि गाडीत जाऊन बसलो.

गाठी उतरल्यात. चार इंजेक्शनं राहिलीत. पुढची हमी डॉक्टर देत नाहीत, आणि नाना मागत नाहीत. ते ज्याला शोधताहेत तो माणूस दर शुक्रवारी त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवतो, एवढं मी त्यांना सांगायला हवं. सावदेकर आहे तोवर सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.