पहिला घोट मिस्त्रीचा

भागाजीनानांच्या ओट्यावरून उठताना कोणी ‘जातो’ म्हणालं की नाना त्याला परत खाली बसवत. नुसतं बसवून सोडत नसत. तांब्यातलं पाणी प्यायला लावत आणि मग म्हणत, “हं, आता उठा. आन नीट बोला.” माणूस ओशाळून ‘येतो’ म्हणाला की नानांची मान समाधानाने हले. एकदा पंचायत समितीच्या साहेबांनाही त्यांनी असं परत खुर्चीत बसवलं होतं. बाहेर जीप सुरू होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. नाना म्हणाले, “सायेब, गाडी थांबती. तोंडातनं गेलेला शब्द थांबत न्हाई.”

निघताना ‘येतो’ आपण सगळेच म्हणतो. आपली ती सवय आहे. नानांची ती सवय नव्हती, हे कळायला मला फार वेळ लागला.

नाना शेवगावच्या पूर्वेकडचे, विहिरी बांधणारे मिस्त्री. सिमेंट न वापरता नुसत्या दगडांवर दगड बसवून विहीर आतून बांधून काढायची, हे त्यांचं काम. असं बांधकाम करणारे आता आमच्या तालुक्यात उरले नाहीत. बोअर आले आणि विहिरी मागे पडल्या. मी शेवगावच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. केडगावजवळच्या एका संस्थेने पाण्याच्या कामातली जाणकार माणसं स्वयंसेवक म्हणून तीन-तीन महिन्यांसाठी परदेशातल्या खेड्यांत पाठवायचं ठरवलं. नानांना आफ्रिकेतल्या मलावी देशात जायचं होतं आणि त्यांचं बोलणं तिकडे पोचवायला दुभाषी हवा होता. म्हणून मी.

पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, “बाई, आफ्रिका दुबईच्या अलीकडं का पलीकडं?”

“पलीकडे, नाना. बरंच पलीकडे.”

“मंग भाकरीचं पीठ बांधून घ्याया पायजे.”

खरोखरच त्यांनी बाजरीचं पीठ घेतलं. पिठाच्या पिशवीत बांधकाम सरळ आहे का ते बघायचा त्यांचा पितळी ओळंबा होता. विमानतळावरच्या तपासणीत तो निघाला आणि हे काय आहे, असं विचारल्यावर नाना म्हणाले, “सांगा त्यांला, हे खरं बोलनारं यंत्र हाय.” मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. त्यामुळे आम्हाला आणखी अर्धा तास थांबावं लागलं. शब्दशः भाषांतर केलं म्हणून मी आयुष्यभर मुलांचे गुण कापत आले होते.

गाव लहान होतं. तांबडी माती, मक्याची शेतं, मोठी आंब्याची झाडं. गावची प्रमुख एक वयस्कर बाई होती. ती फार थोडं बोलायची आणि बोललेलं सगळं लक्षात ठेवायची. तिथल्या शाळेतली मर्सी नावाची शिक्षिका माझं इंग्रजी गावाच्या भाषेत सांगे. नानांची मराठी, माझी इंग्रजी, मर्सीची चिचेवा, अशा तीन पायऱ्या उतरून शब्द खाली पोचायचा. नाना तिला मर्सीबाई म्हणत, आणि मर्सीला वाटे की आपलं नाव भारतात थोडं लांब असतं.

गावाजवळ एक अर्धवट खणलेली विहीर होती. फार वर्षांपूर्वी ती खणताना कड ढासळली आणि एक माणूस आत राहिला. त्याला बाहेर काढता आलं नाही; खड्डा तसाच बुजवला. तेव्हापासून बायका लांबच्या ओढ्यावरून गढूळ पाणी आणत. नाना दोन दिवस गावाभोवती फिरले आणि त्याच खड्ड्यापासून दहा पावलांवर येऊन थांबले. “पानी हितं हाय.” गावकरी मागे सरले. गावप्रमुख बाईने मर्सीकरवी विचारलं, “त्याला माहीत आहे का, इथे कोण आहे?”

“म्हाईत हाय,” नाना म्हणाले. “म्हनून तर दहा पावलं सोडली.”

काम सुरू झालं. खणताना घाई करणाऱ्याला नाना म्हणत, “पानी पाव्हनं हाय. त्याला बोलवाया जायचं असतं, वढून आनायचं नसतं.” दगड कसाही ठेवणाऱ्याला म्हणत, “त्याचं तोंड बघ की! तुला कुनी उलटं बसवलं तर चालंल का?” मी हे इंग्रजीत सांगे, मर्सी चिचेवात सांगे, आणि तिसऱ्या पायरीवर लोक खो खो हसत. दगडाला तोंड असतं हे त्यांना एका दिवसात पटलं. मला अजून ते नीट दिसत नाही.

एका दुपारी सगळे वर येऊन आंब्याखाली जेवायला बसले होते. मक्याच्या घट्ट पिठल्यासारखं त्यांचं जेवण असतं, ते हाताने खातात. अचानक विहिरीतून छिन्नीचा आवाज यायला लागला. ठण, ठण, मग थोडं थांबून पुन्हा ठण. मी ऐकला. मर्सीनेही ऐकला, तिचा हात तोंडाशी तसाच राहिला. नानांनी बोट उचलून माणसं मोजली. सगळी वर होती.

“खाली कोण आहे, नाना?”

“आपलं कुनी न्हाई.” त्यांनी घास गिळला. “चुकलंच माझं. आमच्याकडं मेल्याला आदी वाटा देत्यात. मी परक्या गावात इसरलो.”

त्यांनी आपलं पान उचललं, त्यातलं अर्धं अन्न आंब्याच्या पानांवर काढलं आणि जुन्या खड्ड्याच्या जागी नेऊन ठेवलं. तिथे उकिडवे बसून ते हळू आवाजात काहीतरी बोलले. ते बोलणं मराठीत होतं आणि ते भाषांतरासाठी नव्हतं. परत आल्यावर आवाज थांबला होता. पुढे मी स्वतःला बरंच समजावलं: उन्हाने दगड तडकतात, डोंगरावर दुसरं कोणी काम करत असेल. पण त्या दिवसापासून गावाने नानांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही.

तेव्हाच नानांनी त्यांना आपल्या धंद्याची एक रीत सांगितली होती. नव्या विहिरीचा पहिला घोट मिस्त्रीचा. पाणी वाईट असलं तर ज्याने विहीर बांधली त्यालाच आधी लागलं पाहिजे. “दुसऱ्याच्या लेकराला पाजायच्या आदी आपन प्यावं. येवडीच ह्या कामाची ग्यारंटी.” गावप्रमुख बाईने मान हलवली. तिला ती रीत फार आवडली.

आमचे तीन महिने संपले तेव्हा तळाशी ओल लागली होती, पाणी लागलं नव्हतं. काम शिकलेली माणसं उरलेलं खोदकाम करणार होती. निरोप द्यायला सगळं गाव जमलं. नाना जीपच्या पायरीवर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, “येतो.”

मी दमले होते. मी इंग्रजीत म्हणाले, “ते म्हणतात, मी येईन.” मर्सीने सांगितलं. गावप्रमुख बाई पुढे आली आणि तिने विचारलं, “कधी?”

मी विचारलं, “नाना, त्या विचारताहेत, कधी?”

आपल्याकडेही पाहुण्याला दारात असंच विचारतात. नाना हसले. “पानी लागलं की येतो!”

तेही मी तसंच सांगितलं.

काही महिन्यांनी मर्सीचा निरोप मोबाईलवर आला. पाणी लागलं होतं, छातीएवढं. दगडांचा एकही थर हलला नव्हता. आणि कोणी पीत नव्हतं. गावप्रमुख बाईने विहिरीवर काटेरी फांदी आडवी टाकली होती. पहिला घोट मिस्त्रीचा, आणि मिस्त्री पाणी लागलं की येणार आहे. बायका अजून ओढ्यावरच जात होत्या. दोन मुलं हगवणीने आजारी होती. “नाना कधी निघताहेत?”

मी नानांच्या घरी गेले. ते खाटेवर होते. जन्मभर फोडलेल्या दगडांची भुकटी छातीत बसली होती; खाटेवरून ओट्यापर्यंत यायला त्यांना दोनदा थांबावं लागे. विमानाचा प्रश्नच नव्हता. मी सगळं सांगितलं.

“तुमी काय सांगितलं हुतं त्यांला?”

“तुम्ही म्हणालात तेच. चूक माझी आहे, नाना. मी आजच कळवते, की आमच्यात ‘येतो’ म्हणजे ‘जातो’.”

ते कोपरावर उठून बसले. खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत त्यांनी हाताने मला थांबवून धरलं.

“मंग आपन जनमभर एकमेकांला काय म्हनत आलो, बाई? खोटं?”

“खोटं नाही, नाना. पद्धत असते.”

“माझी आई ह्याच घरातनं गेली. शुद्ध जायच्या आदी म्हनली, येते रे भागाजी.”

मी न राहवून विचारलं, “मग?”

त्यांनी माझ्या मागच्या दाराकडे पाहिलं. “ते तुमाला सांगून काय करू?”

मी मागे वळून पाहिलं नाही.

शेवटी त्यांनी मोबाईलवर आपल्या आवाजात निरोप दिला: “प्या गं बायांनो. माझी वाट बघू नका. लेकरांला पाजा.” मी अर्थ लिहून पाठवला. मर्सीने तो आवाज विहिरीजवळ सगळ्यांना ऐकवला. गावप्रमुख बाईने ऐकून घेतलं आणि उलट निरोप धाडला: “हा त्याचा आवाज आहे. आवाज पाणी पीत नाही.”

हे ऐकून नाना खूश झाले. खरंच खूश झाले. “म्हातारी खमकी हाय! मिस्त्री व्हायला पायजे हुती.” पण त्या दिवसापासून त्यांनी पाणी जवळजवळ सोडलं. सुनंदा, त्यांची सून, तांब्या घेऊन मागे लागे. “मामा, दोन घोट तरी घ्या. डॉक्टर मला बोलत्यात.”

“तिकडं लेकरं वढ्याचं गढूळ पेत्यात, आन मी हितं फिल्टरचं पिऊ?”

“तुमी न प्याल्यानं ती लेकरं बरी व्हनार हायत का?”

“न्हाई. पर मी बांधलेली इहीर हाय ती, सुनंदा.”

चमचाभर पाणी औषधाबरोबर, तेवढंच. मी रोज जात असे. ‘येतो’चा खरा अर्थ सांगणारा मजकूर मी तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. त्यांच्या हयातीत त्यांचा शब्द खोटा पाडायची मला हिंमत झाली नाही. दोन मुलांची नावं मला माहीत होती, तरीही झाली नाही. हे लिहून ठेवलं पाहिजे.

शेवटच्या दिवशी मी तिथेच होते. दुपारचा दीड वाजला होता. सुनंदा गोळी आणि चमचा घेऊन आली. नाना सकाळपासून डोळे मिटून होते. तिने चमचा ओठांशी नेला, तशी त्यांनी मान फिरवली.

“नगं. आत्ताच प्यालो.”

“कवा प्यालात? मी हितंच हाय की.”

“पोट भरलं गं.” त्यांच्या मिशीवर ओल होती. घाम असेल. ते अगदी कामावरच्या आवाजात बोलले, “गार हाय. जरा मातकट लागतंय. चार दिसांत निवळंल.”

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. चमच्यातलं पाणी तसंच होतं. दिवेलागणीच्या आत नाना गेले.

अंत्यविधी, माणसं, पाहुणे यांत मी मोबाईल पाहिला नाही. मी कोणाला काही कळवलं नव्हतं, आणि तिकडे कळवणारं माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर पाहिलं, तर मर्सीचा निरोप दोन दिवसांपूर्वीच येऊन पडला होता. तो ज्या दिवशी पाठवलेला होता, तो दिवस मी पुन्हा पुन्हा तपासला. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडचे दीड.

तिने लिहिलं होतं: “आज सकाळी दहाच्या सुमारास बायका ओढ्याकडे निघाल्या, तेव्हा नाना विहिरीवर बसलेले होते. काटेरी फांदी त्यांनी बाजूला ठेवली होती. गाडीचा आवाज कोणी ऐकला नाही. त्यांनी स्वतः बादली ओढली, ओंजळीने प्याले आणि आम्हाला हाताने ‘प्या’ अशी खूण केली. मी शाळेतून धावत आले, मीही त्यांना पाहिलं. पण तुम्ही बरोबर नव्हता, म्हणून बोलता आलं नाही. त्यांनी दोन बोटं एकमेकांवर चोळली आणि मग चार बोटं दाखवली. चार म्हणजे काय, ते आम्हाला कळलं नाही. प्रमुख बाईंनी जेवायला थांबा म्हणून त्यांचा हात धरायला आपला हात पुढे केला, पण ते उठले आणि मक्यातून चालत गेले. आता सगळे पाणी पिताहेत. मुलांनाही दिलं. फक्त ते न जेवता गेले याची बाईंना काळजी लागली आहे. एवढा लांबचा रस्ता. ते घरी नीट पोचले का, तेवढं कळवा.”

मी पुस्तकं वाचणारी बाई आहे. वाट पाहून थकलेल्या गावाला हवं ते दिसू शकतं, हे मला ठाऊक आहे. आजारी मुलांसाठी एखादी शहाणी म्हातारी सगळ्यांकडून एक गोष्ट वदवून घेऊ शकते, हेही मी जाणते. चार बोटांपाशी येऊन मी थांबते.

सुनंदा आत भांडी घासत होती. ओट्यावर बसून मी उत्तर लिहिलं. इंग्रजीची इतकी वर्षं शिक्षिका, पण दोन ओळींना मला संध्याकाळ लागली.

“चार म्हणजे चार दिवस. तोवर पाणी मातकट लागेल, मग निवळेल. बाईंना सांगा, काळजी करू नका. नाना नीट पोचले.”