कोपरा फाटलेले पान

चूक आपली असली की ती आपणच सांगावी. दुसऱ्याने सांगितली की तिला फाटे फुटतात. म्हणून सांगतो. चहा घ्या, आणि हसावेसे वाटले तर मोकळेपणाने हसा. मी रागावणार नाही. पूर्वी रागावलो असतो.

मी कर्जतचा. सदतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. आता घरात मी आणि देव. पत्नीला जाऊन सात वर्षे झाली, मूलबाळ नाही. दाराची कडी वाजवायचा तो एक दूधवाला. अलीकडे तोही पिशवी कडीला अडकवून जातो.

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयात संगणक आले. त्यांवर मोफत मिळणारी प्रणाली घातली. तिच्यातली फाइल खुल्या स्वरूपाची असते. कोणत्याही यंत्रावर उघडते, कोणा कंपनीची परवानगी लागत नाही. विद्येला कुलूप नसावे, हे माझे जुनेच मत. मला समाधान वाटले. पण पडद्यावर साऱ्या फाइली सारख्याच दिसत. मजकूर कोणता, तक्ता कोणता, वाचकांना कळेना. चिटणीस म्हणाले, "गुरुजी, तीन चिन्हं काढून द्या. नखाएवढी. बघताक्षणी ओळखू आली पाहिजेत."

तक्त्यासाठी चौकटी आखल्या. सादरीकरणासाठी तीन पायांवरचा फळा काढला. उरले लेखी मजकुराचे पान. इथे माशी शिंकली.

सगळीकडे अशा पानाचा कोपरा दुमडलेला दाखवतात. मला ते मान्य होईना! पुस्तकाचे पान दुमडणाऱ्या मुलांना मी बाकावर उभे केले आहे. तेच मी चित्रात काढू? दुमडायचे नाही, तर कापून टाकू. कोपरा सरळ कापला. नखाएवढ्या चित्रात तो दिसेना. मग कडा जरा फाटकी केली. उठाव यावा म्हणून सगळे काळ्या शाईत. माथ्यावर 'श्री' लिहिण्याचे मनात होते. पण देवाच्या नावावर लोकांनी दिवसभर तो पडद्यावरचा बाण टोचायचा? 'श्री' वगळले. खाली, सवयीने, माझे नाव घातले.

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना हसू फुटले असेल. जरा थांबा.

चिन्ह ओळखू येते का, हे विचारणार कोणाला? मोबाइलवर माझ्या माजी विद्यार्थ्यांचा एक गट आहे. तिथे मी काहीही लिहिले तरी उत्तर येत नाही. या वेळी मात्र एकाचे तरी यावे, अशी फार इच्छा होती. रविवारी दुपारी चित्र पाठवले. सोबत शब्द एकही नाही; समजावून सांगावे लागते ते चिन्ह कसले? दाराला आतून कडी घातली, मोबाइल खणात ठेवला आणि देवघरात जपाला बसलो. जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही, कोणीही येवो. तसे कोणी येतही नाही.

त्या दिवशी आले!

आधी दारावर थाप आणि हाका. मग पडवीत चपलांचा आवाज. मग चक्क हुंदका.

"दार आतून लावलंय." हा काशिनाथ, बाजारपेठेत त्याचे तांदळाचे दुकान आहे. "इतक्या हाका मारल्या, ओ नाय."

"मग आत कोण हाय रं?" ही सुनंदा, शेलू गावची.

"कोण असनार गं? आत गुरुजीच हायत."

"मग पत्र कुनी धाडलं?"

"त्यांनीच. आपलं काम दुसऱ्यावर टाकायची सवय होती का त्यांना?"

आता काय म्हणावे? मी गेलो होतो, आणि तसे कळवूनही गेलो होतो! तोंड उघडावे, तर माळ अर्धी बाकी.

"रेघ वाकडी आली म्हनून मला अख्खा तास बाहेर उभं केलं होतं," काशिनाथ म्हणाला. "पन हात सुधारला गं माझा."

"लय एकटे पडले होते रं. सणासुदीला तरी आपुन यायला हवं होतं."

"दर साली ठरवायचो. राहून जायचं."

माझ्या बोटांतला मणी तिथेच थांबला.

मग काशिनाथचा आवाज चढला. "किती वेळ बसायचं असं? पहार आनतो. दार फोडू."

सागवानी दार! देवाची क्षमा मागून सांगतो, उरलेले मणी मी कसे सरकवले ते त्यालाच ठाऊक. इतक्या वेगाने नामस्मरण जन्मात केले नव्हते. उठलो आणि कडी काढली.

सुनंदा किंचाळली. पडवीत पंधराएक माणसे उभी होती. दोघे-तिघे पायरीवरून खाली उतरले. काशिनाथाच्या हातातला झेंडूचा हार गळून पडला.

"गुरुजी!" तो चाचरला. "तब्येत... बरी हाय ना?"

"बरी आहे. तो हार कोणासाठी?"

"देवाला, गुरुजी."

"खोटे बोलू नकोस."

"तुमच्यासाठी, गुरुजी."

सुनंदाने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघा. कोपरा फाटलेला, माथ्यावर श्री नाय, काळी शाई, खाली तुमचं नाव. कुनी गेलं की अशीच पत्रं यायची ना घरोघर? मग आमी काय समजायचं?"

अशी पत्रे मी स्वतः लिहिली आहेत. पत्नी गेली तेव्हा कितीतरी कोपरे याच हातांनी फाडले. आणि आठ दिवस त्याच पानाकडे पाहत बसलो असता मला त्यात केवळ रेषा दिसल्या!

"हे फाइलचे चिन्ह आहे," मी म्हणालो. "वाचनालयासाठी. ओळखू येते का, एवढेच विचारायचे होते."

"आलं की, गुरुजी!" सुनंदा डोळे पुसत म्हणाली. "एका नजरेत आलं!"

मग जे हसू उसळले! मीही हसलो असेन. कोणी दूध आणले, कोणी आधण ठेवले. घरात कप चारच. बाकीच्यांनी आमटीच्या वाट्यांतून चहा घेतला. सात वर्षांत त्या घरात इतका आवाज झाला नव्हता.

सुनंदाने पुन्हा मोबाइल हातात घेतला. "गुरुजी सुखरूप हायत म्हनून गटावर टाकते. चौक गावावरनं आठ जन टेंपोनं निघालेत, त्यांना अर्ध्या वाटेतनं परत फिरवते."

सत्य सांगायला क्षणाचाही विलंब लावू नये, हे मी सदतीस वर्षे शिकवत आलो.

"थांब," मी म्हणालो. "त्यांना येऊ दे. मग टाक."