पंगतीबाहेरचा माणूस

ही गोष्ट इतकी वर्षं मी कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा नाही — तिथं मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलायचे. आणि आज सांगतेय ती मन हलकं करायला, असं समजू नका. माझं मन जड नव्हतंच. मी पोटभर जेवत होते, नीट झोपत होते. तेच तर सांगायचंय.

बालाघाटाच्या कडेला, धारूरच्या अलीकडे, एका सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. मी तिथं पर्यवेक्षक. गावोगावचं दूध कॅनमधून यायचं. ते तपासायचं, थंड करायचं, पुढं पाठवायचं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. जनावरं छावणीत, दूध निम्म्यावर, बोअर कोरडी. कॅन धुवायलाही पाण्याच्या टँकरची वाट बघायची. त्यात संघाचं पत्र आलं — दूध नासणं थांबवा, पाणी निम्म्यावर आणा, नाही तर केंद्र बंद.

हे कसं करायचं ते शिकवायला संघानं एक साहेब पाठवले. चांगला माणूस होता. म्हणाले, आधी माणसं एक करा, काम आपोआप होईल. रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी गोल उभं राहून बोलायचं. चहा पाळीपाळीनं प्रत्येकानं करायचा, पर्यवेक्षकानंही. दुपारी एकत्र जेवायचं. ज्याची सूचना चालली, त्याचं नाव फळ्यावर. साध्याच गोष्टी. मी सगळ्या केल्या.

काय झालं? काही नाही. धक्क्यावर कॅन उतरवणारा नवनाथ म्हणायचा, मशीन उशिरा सुरू होतं म्हणून दूध नासतं. मशीनवरचे रज्जाकभाई म्हणायचे, कॅन उन्हात पडून राहतात म्हणून नासतं. तरटावर दोघं एकमेकांकडं पाठ करून जेवायचे. कॅन धुणारी सुलाबाई मधे बसून भाकरीकडं बघत राहायची. मयताला जमल्यासारखी पंगत.

आणि पंगतीला न येणारा एकच — काशिनाथराव. दुधाची तपासणी त्यांच्याकडं. पन्नाशी उलटलेली, बोलणं कमी. अकराच्या ठोक्याला आपल्या टेबलावर डबा उघडायचे. त्यांना साखरेचा आजार होता, वेळ चुकली की हात थरथरायचा. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. म्हणाले, "म्याडम, कुणाला कळू देऊ नका. दूध तपासणाऱ्याचा हात थरथरतो म्हणल्यावर लोक इस्वास ठिवतील का?" बाकीच्यांना वाटायचं, माणूस शिष्ट आहे. मी वाटू दिलं.

येते, मूळ गोष्टीवर येतेच आहे.

बीडला संघाच्या कचेरीत बैठक होती. मी, आणि रजिस्टरं घेऊन काशिनाथराव. कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, दोन माणसं कमी करायची झाली तर कुणाला करायचं? काशिनाथराव लगेच म्हणाले, "साहेब, फालतू कुणीच न्हाई. लागलंच तर माझं नाव लिहा. माझी लेकरं कमावती झाली." साहेबांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं, आणि माझ्याकडं पाहिलं.

मी दोन नावं दिली. नवनाथ. सुलाबाई.

कुणी धमकावलं नव्हतं. मला वाटलं, पटकन नावं देणारी बाई कामाची दिसते. एवढंच वाटलं. साहेब म्हणाले, बघू, उन्हाळा जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी पंगतीत नवनाथनं घास हातात धरून विचारलं, "म्याडम, खरं सांगा. कुणाला काढायलेत?"

माहीत नाही म्हणता आलं असतं. — नाही का? दोनच शब्द. पण सगळ्यांच्या नजरा पहिल्यांदा माझ्यावर एक झाल्या होत्या, आणि मला ते आवडलं. मी म्हणाले, "नावं गेलीत. तुझं आणि सुलाबाईचं."

"कुणी देली?"

"काशिनाथरावांनी. मी अडवून धरलंय."

झालं. साहेबांनी शिकवलेलं सगळं त्या दिवसापासून चालायला लागलं. रज्जाकभाईंनी आपल्या डब्यातलं कालवण नवनाथच्या भाकरीवर वाढलं. दोघांनी मिळून धक्क्यावर गोणपाटाचं छत बांधलं. पहिली गाडी यायच्या आत मशीन सुरू व्हायला लागलं. सुलाबाईनं कॅन विसळलेलं शेवटचं पाणी दुसऱ्या कॅनच्या पहिल्या धुण्याला ठेवलं, तिचं नाव फळ्यावर लागलं. हसणं, चिडवणं, एकमेकांच्या घरी जाणं — सगळं. दूध नासायचं थांबलं. केंद्र वाचलं. ती दोन नावं कागदावरच राहिली.

आणि काशिनाथराव? त्यांच्या माठात कुणी पाणी भरेना. चहा कुणाच्याही पाळीला त्यांच्यापुढं येईना. माझ्या पाळीलाही. हो, मीही त्यांचा कप वगळला. सकाळच्या गोलात दोन माणसं सरकून उभी राहायची, म्हणजे त्यांना जागा उरायची नाही. एकदा ते माझ्या टेबलाशी आले. "म्याडम, कावून बोलत न्हाईत ही मानसं माझ्याशी? माझं काय चुकलं का?"

मी रजिस्टरातून मान वर केली नाही. म्हणाले, "मला काही कल्पना नाही."

चार महिन्यांनी त्यांनी बदली मागितली, डोंगरातल्या एका लहान संकलन केंद्रावर. दोन एसट्या बदलून जावं लागायचं, आजारी माणसाला. मी अर्ज त्याच दिवशी पुढं पाठवला.

म्हणता येईल, दुष्काळ होता. दुष्काळ सगळ्यांनाच होता. खोटं मी एकटी बोलले. म्हणता येईल, बाईमाणूस, पुरुषांच्यात अधिकार चालवायचा होता. माझा अधिकार चालतच होता. केंद्र वाचलं ना, असं मला कुणी सांगू नये. गोणपाट बांधायला खोटं लागत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही जुनी माणसं जेवायला जमलो. अजूनही जमतो, इतकी घट्ट बांधलीत मी. कुणीतरी म्हणालं, काशिनाथराव वारले. नवनाथ म्हणाला, "बरं झालं." आणि सगळे जेवत राहिले.

मी धर्मापुरीला त्यांच्या घरी गेले. ते जिवंत असताना गेले नव्हते, हेही लिहून ठेवा. बायको होती. चहा केला, समोर बसली. म्हणाली, "ह्यांच्या मनाला लई लागलं होतं बघा. शेवटपतूर म्हणायचे, माझ्या हातून कुणाचं तरी दूध चुकीचं तपासलं गेलं आसंल. जुन्या चिठ्ठ्या काढून बसायचे. घावलं न्हाई काहीच."

मी तिला सगळं सांगितलं. जसं तुम्हाला सांगितलं तसंच, कमी न करता.

तिनं माझ्यापुढचा कप उचलला. मग म्हणाली, "चहा झाला ना? मग निघा आता."

मी निघाले. परतीच्या एसटीत बसून नवनाथ, रज्जाकभाई, सुलाबाई — तिघांना एकेक फोन करून तेच सांगितलं. नवनाथनं फक्त काशिनाथरावांच्या घराचा पत्ता विचारला. रज्जाकभाईंनी मधेच ठेवला. सुलाबाई रडली, पण माझ्यासाठी नाही.

त्यानंतर मला कुणाचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही, आणि करणारही नाही.